रविवारच्या बोटीसाठी पंखा निवडणारे रामटेकेकाका

श्री. यशवंत रामटेके यांची आणि माझी पहिली भेट बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या बिबवेवाडीतल्या वर्कशॉपमध्ये झाली. त्या भेटीत त्यांनी मला काम न करताच परत पाठवले. पुढे ज्यांच्याकडून मी माझा सगळा व्यवसाय शिकले, त्यांच्याशी ओळख अशी झाली हे सांगताना मला आज संकोच वाटत नाही. या गौरवग्रंथात लिहिणारी निम्मी मंडळी पहिल्या भेटीत तशीच परत पाठवली गेलेली आहे.

माझे वडील बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी मिळून एक जुनी मोटरबोट घेतली. फायबरची, सोळा फुटी, मागे साठ हॉर्सपॉवरचे इंजिन. आमचे घर कोथरूडला आणि बोट पानशेत धरणाच्या फुगवट्यावर. आमच्या घराण्यात सायकलपलीकडे कोणी कसली हौस केलेली नव्हती. बोटीची बातमी नारायण पेठेतल्या माझ्या काकांकडे पोचली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बरं झालं. पुण्याला समुद्र नाही, ही गैरसोय होतीच."

वडिलांना बोट संथ वाटत असे. एका दुकानदाराने त्यांना जास्त पिचचा प्रोपेलर घालायला सांगितले. बोट पळेल म्हणाला. प्रोपेलरला आमच्या कामात सगळे पंखाच म्हणतात. वडिलांनी नवा चकचकीत पंखा बसवला आणि बोट पळायची सोडून मागचा भाग पाण्यात रुतवून, नाक वर करून रखडत चालू लागली. इंजिन गुरगुरत असे, काळा धूर सोडत असे. कोणीतरी रामटेके यांचे नाव सुचवले. मी मेकॅनिकलची पदवी घेऊन नुकतीच एका वाहनांच्या कंपनीत लागले होते. पंखा कापडी पिशवीत घालून मी स्कूटरवरून बिबवेवाडी गाठली.

पत्र्याची लांबट शेड होती. भिंतीवर खिळ्यांना पंखेच पंखे टांगलेले, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. त्रेपन्न वर्षांचे, सडपातळ, चष्मा कपाळावर सरकवलेले एक गृहस्थ एका पात्याला कानस लावत होते. मी पिशवी पुढे केली. त्यांनी पंखा बाहेर काढून पाहिलासुद्धा नाही.

"बोट कुठे आहे?"

"पानशेतला."

"मग पंखा इकडे काहून आणला?"

मी जरा तोऱ्यात म्हणाले, "अहो, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. तेरा इंची व्यास, सतरा पिच, तीन पाती. काय हवं ते विचारा."

"बोटीत माणसं किती बसतात?"

"दोघं. फार तर तिघं."

"आणि रविवारी?"

रविवारी आम्ही सहाजण असायचो, शिवाय डबे, पाण्याचा कॅन आणि वडिलांच्या मित्राची सतरंजी.

"पंखा रविवारसाठी निवडायचा असतो," ते म्हणाले. "या रविवारी मी येतो. हा पंखा घेऊन जा, मला त्याचा उपयोग नाही."

रविवारी ते आले. सोबत चिठ्ठ्या लावलेले चार पंखे, इंजिनाचे फेरे मोजणारे यंत्र, वजन करायचा एक ताणकाटा आणि जाड कापडाच्या रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा होता. त्या पिशव्या त्यांच्या पत्नी विमलकाकूंनी शिवलेल्या होत्या. काठावरचा मुरूम भरून, ताणकाट्याला लावून, त्यांनी आम्हा सहाजणांच्या वजनाइतका भार बोटीत ठेवायला लावला. माझ्या वडिलांनी विचारले, "आम्ही सहाजण इथे उभे आहोत. आम्हीच बसलो तर?"

"पहिल्या फेरीला मी माणसं बसवत नाही जी," ते म्हणाले. "पिशव्या बुडाल्या तर विमल दुसऱ्या शिवेल."

लाइफजॅकेटचे सगळे बंद आवळून ते बोटीत बसले. मी शेजारी. इंजिन पूर्ण वेगात सोडल्यावर त्यांनी वेगाकडे पाहिलेच नाही, फक्त फेऱ्यांकडे पाहिले. इंजिनाच्या पुस्तकात लिहिले होते की पूर्ण सोडल्यावर मिनिटाला पाच हजार ते सहा हजार फेरे व्हायला हवेत. आमचे इंजिन चार हजार शंभरावर अडकले होते. मग काठाशी येऊन नट काढायचा, पिन काढायची, दुसरा पंखा चढवायचा आणि परत जायचे, असे त्या दुपारी चार वेळा झाले. मधल्या वेळात ते मला शिकवत होते, हे मला तेव्हा कळले नाही.

"स्क्रू लाकडात जातो, तसा पंखा पाण्यात जातो. एका फेऱ्यात जितका पुढे जायला बघेल, ते त्याचं पिच. सतरा इंच एका दमात ओढायला लावलं तर इंजिन बिचारं कुंथणार. चढावर सायकलचा जड गिअर टाकल्यासारखं."

"पण पुस्तकात याच इंजिनाला पंधरा सांगितलंय," मी म्हणाले.

"पुस्तक समुद्रकाठी लिहिलं असेल. आपण किती उंचावर आहोत? इथली हवा विरळ, उन्हाळ्यात आणखी विरळ. इंजिनाला तेवढा दम मिळत नाही. आणि पुस्तकाला तुमची सतरंजी माहीत नाही."

शेवटी अकरा पिचचा साधा अॅल्युमिनियमचा पंखा ठरला. सहाजणांच्या वजनाला पाच हजार तीनशे फेरे आले. मग पिशव्या उतरवून, दोनच माणसे ठेवून त्यांनी पुन्हा पाहिले. फेरे सहा हजारांच्या आत राहिले. भरलेली बोट खालची मर्यादा गाठते आणि हलकी बोट वरची ओलांडत नाही, असा पंखा हवा, हे सूत्र मी त्या दिवशी वहीत लिहिले. बोट आता नाक खाली करून पाण्यावर तरंगत धावत होती. वडील खुश झाले. "रामटेकेसाहेब, वेग वाढवलात तुम्ही."

"मी काही वाढवलं नाही. आपण तिला अडवत होतो, ते थांबवलं."

स्टीलचा पंखा का नको, असे वडिलांच्या मित्राने विचारले. रामटेकेकाकांनी पाण्याकडे बोट दाखवले. मे महिन्यात धरणाचे पाणी उतरते, तळाचे खडक आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात. "अॅल्युमिनियमचा पंखा खडकाला लागला तर स्वतः वाकतो. स्टीलचा वाकायला तयार नसतो, मग मार आतल्या गिअरला बसतो. काही वस्तू मोडण्यासाठीच असाव्या लागतात."

पुढच्या शनिवारी मी आपण होऊन बिबवेवाडीला गेले, त्याच्या पुढच्याही गेले. तीन वर्षांनी कंपनीचा राजीनामा दिला. घरी जे काही व्हायचे ते झाले. त्या काळात काकांनी मला एकदाही "नोकरी सोड" किंवा "सोडू नको" म्हटले नाही. राजीनामा दिल्याचे सांगितले तेव्हा त्यांनी माझ्या उंचीचे स्टूल शेजारच्या सुताराकडून करून घेतले, एवढेच.

काकांचा जन्म भंडारा जिल्ह्यातल्या एका तळ्याकाठच्या गावचा. आई-वडील दोघेही विड्या वळत. घरच्यांनी धम्म स्वीकारला तेव्हा ते जेमतेम सहा वर्षांचे होते. त्या दिवसाची त्यांना एकच आठवण आहे: वडिलांनी दीक्षा घेऊन परत आल्यावर पहिले काम म्हणून त्यांचे नाव शाळेत घातले. आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेऊन ते पुण्याला आले आणि पंपांच्या एका कारखान्यात लागले. पंपाच्या आतला फिरणारा भाग समतोल आहे की नाही हे तपासण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या कारखान्यातल्या एका अधिकाऱ्याला बोटीचा नाद होता. त्यांचा वाकलेला पंखा दुरुस्त करता करता काकांना हे वेड लागले. कारखान्यातून लवकर निवृत्ती घेऊन त्यांनी शेड उभी केली. पुण्यात राहून त्यांची भाषा शहरी झाली, पण "काहून" आणि "जी" काही सुटले नाही.

पंखा तपासण्याची त्यांची पद्धत अगदी साधी आहे. गुळगुळीत दांड्यावर पंखा अडकवायचा, दोन धारदार पट्ट्यांवर दांडा ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. जे पाते जड, ते हळूहळू खाली येऊन थांबते. त्या पात्याचे थोडे कानसायचे आणि पुन्हा ठेवायचे. पंखा कुठेही थांबवला तरी तिथेच राहिला, की झाले. या कामाला कधी एक तास लागतो, कधी दोन दिवस. ते होईपर्यंत काका गिऱ्हाइकाच्या फोनला "पंखा अजून बोलतोय" असे उत्तर देतात. गिऱ्हाइकांना ते उद्धट वाटते. त्यांच्या मनात तसे काही नसते.

या ग्रंथासाठी समितीची मंडळी त्यांची संमती घ्यायला गेली तेव्हा मी सोबत होते. काकांनी आधी नको म्हटले. आग्रह झाल्यावर म्हणाले, "मुळशीकडची गोष्ट लिहिणार असाल तर छापा. ती गाळून छापायचं असेल तर शाल दुसऱ्या कोणाला द्या." गौरवलेखात चूक कशी लिहायची, असा समितीला प्रश्न पडला. मी लिहिते म्हणाले.

मला त्यांच्याकडे येऊन सहा-सात वर्षे झाली होती. काकांच्या मुलीचे लग्न चार दिवसांवर आले होते. मुळशीकडच्या एका बोटमालकाचा फोन आला. पंखा खडकाला लागून मोडला आहे, सुट्ट्या लागल्यात, उद्याच हवा. बोटीची लांबी, इंजिन, सहा माणसे, सगळे त्याने सांगितले. काकांनी बोट न पाहता पंखा दिला. सांगितलेल्या माहितीप्रमाणे तो बरोबर होता.

त्या रविवारी मालकाने बोटीत अकराजण बसवले. दुपारी वारा सुटला. एवढ्या वजनाला बोट पाण्यातून वर उठेना, मागचा भाग खाली दबलेला. काठाकडे वळवताना मागून लाट आत शिरली, इंजिन बंद पडले आणि दुसऱ्या-तिसऱ्या लाटेत बोट भरली. काठ जवळ होता आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफजॅकेट होते म्हणून सगळे वाचले. आठ वर्षांची एक मुलगी मात्र बोटीच्या कडेखाली अडकली. तिला बाहेर काढेपर्यंत तिच्या छातीत पाणी गेले होते. तिला पुण्यात आणून दवाखान्यात ठेवले.

काकांना हे कळले ते लग्नाच्या आदल्या दिवशी. ते तसेच उठले आणि दवाखान्यात गेले. मी गाडी चालवत होते. मुलीच्या वडिलांना त्यांनी आपण होऊन सांगितले, "त्या बोटीचा पंखा मी दिला होता." ते वडील त्यांना खूप बोलले. ते शब्द मी इथे लिहीत नाही. त्या माणसाच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते. काका मान खाली घालून ऐकत राहिले. मी मधे पडून म्हणाले, "अहो, बोटीत अकराजण होते. सहाच सांगितले होते." काकांनी हाताने मला थांबवले.

लग्न लागले. अक्षता पडल्यावर पंगतीआधी ते पुन्हा दवाखान्यात गेले. ती लहान मुलगी बरी होऊन घरी जाईपर्यंत, चार दिवस ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसत होते. शेवटच्या दिवशी तिचे वडील त्यांच्या शेजारी येऊन बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "चहा घेणार का?" त्या दोघांनी चहा घेतला. मुलगी पुढे शिकून मोठी झाली. तिच्या घरचे अजून काकांच्या संपर्कात आहेत.

आठवड्याभराने काकांनी शेडला कुलूप लावले आणि मला यादी करायला बसवले. बोटीत स्वतः न बसता आजवर किती पंखे दिले? जुन्या वह्या चाळून तेवीस नावे निघाली.

"काका, चूक त्या मालकाची होती," मी म्हणाले.

"त्याची होतीच. पण रविवारी किती बसतात, हा प्रश्न मी सगळ्या गावाला विचारतो. त्याला काहून नाही विचारला? घाई होती म्हणून. घाई त्याची नव्हती, माझी होती."

पुढचे अडीच महिने आम्ही पिशव्या आणि पंखे घेऊन हिंडलो. पानशेत, मुळशी, पवना, एकदा थेट कोयनेकडे. काही मालकांनी आपुलकीने स्वागत केले, काहींनी चेष्टा केली. कोथरूडचे एक गृहस्थ फाटकातूनच म्हणाले, "अहो, विकलेला माल परत तपासायला तुम्ही काय मोठी मोटार कंपनी लागून गेलात?"

"नाही ना," काका म्हणाले. "म्हणून तर स्वतः आलो."

त्या गृहस्थांनी फाटक उघडले. त्यांच्या बोटीला दोन इंच कमी पिचचा पंखा लागला. तेवीसपैकी अकरा बोटींचे पंखे आम्ही बदलले. त्यानंतर आजतागायत बोटीत बसल्यावाचून त्यांनी पंखा दिलेला नाही. मंत्र्याच्या पाहुण्याला दिला नाही आणि सख्ख्या जावयालाही नाही.

त्या हिंडण्यात एकदा कोयनेहून परत येताना, साताऱ्याच्या अलीकडे चहाला थांबलो असता ते अचानक म्हणाले, "मृणाल, मला पोहता येत नाही."

मला वाटले, थट्टा करताहेत. एवढी वर्षे मी त्यांना शेकडो वेळा बोटीत बसलेले पाहिले होते. लाइफजॅकेटचे बंद आवळायची त्यांची सवय आम्ही शिस्त म्हणून सगळ्यांना सांगायचो.

"तुमचं गाव तर तळ्याकाठी," मी म्हणाले.

"तळं गावाचं होतं. पायऱ्यांचा घाट गावाचा. आमच्या वस्तीला खालची बाजू, गुरं उतरतात तिथली, गुडघाभर चिखल. पोरं घाटावरून उड्या मारायची, ते आम्ही लांबून बघायचो. एकदा मी गेलो होतो. आठ-नऊ वर्षांचा असेन." कपातला चहा संपला होता तरी त्यांनी कप तोंडाला लावला. "मग परत नाही गेलो."

मी मूळची नारायण पेठेतल्या घरातली मुलगी. पाचव्या वर्षी वडिलांनी मला टिळक रस्त्याच्या तलावावर नेऊन पाण्यात सोडले होते. पोहणे हे काही कोणाकडून मिळालेले देणे आहे, असे मला तोवर कधी वाटलेच नव्हते. गाडीत बसल्यावर मी एवढेच म्हणाले, "सोमवारपासून सकाळी सहाला तलावावर यायचं."

"या वयात?"

"तुम्ही मला स्टूल करून दिलंत. मी विचारलं होतं का, या वयात नोकरी सोडू का म्हणून?"

ते आले. साठीला एक वर्ष कमी होते. पहिले आठ दिवस त्यांनी कडेचा लोखंडी दांडा सोडला नाही. एवढा धीराचा माणूस, पण पाणी हनुवटीला लागले की त्यांचे ओठ पांढरे पडायचे. मी कधी ओरडले नाही. त्यांनी मला शिकवताना आवाज चढवला नव्हता, तो मान मला राखायचा होता. विमलकाकू काठावर थर्मास घेऊन बसायच्या. काका हातपाय जोरजोरात मारायचे आणि जागचे हलायचे नाहीत. तिसऱ्या आठवड्यात काकू म्हणाल्या, "इंजिन बरं आहे. पंखा बदलून पाहा." काका हसायला लागले, तोंडात पाणी गेले, ठसका लागला आणि त्या गडबडीत त्यांचा हात दांड्यावरून सुटला. चार हात तरी ते कशालाही न धरता गेले. दोन महिन्यांनी त्यांनी तलावाची रुंदी ओलांडली. काकूंनी त्या दिवशी थर्मासमधून चहाऐवजी बासुंदी काढली.

पुढच्या हिवाळ्यात भंडाऱ्याकडच्या एका जलाशयावर बोट तपासायचे काम निघाले. विमलकाकूही सोबत होत्या. जाताना काकांनी गाडी गावाकडे वळवायला सांगितली. तळ्याच्या पायऱ्यांच्या घाटावर आता सगळेच येत होते. बायका कपडे धूत होत्या, एका कडेला दोन म्हातारे उन्हाला बसले होते. काकांनी सदरा काढला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि ते पायऱ्या उतरले. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने विचारले, "कोणाचा जी तू?"

काकांनी वडिलांचे नाव सांगितले.

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे नीट पाहिले. मग म्हणाला, "पाणी गार आहे. जपून जा."

काका पाण्यात शिरले. फार लांब गेले नाहीत. कमळे सुरू होतात तिथपर्यंत गेले आणि वळून आले. गाडीत काकूंनी त्यांच्या ओल्या केसांवरून पदर फिरवला आणि शिरा भरलेला डबा पुढे केला.

वैयक्तिक ऋण म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या वडिलांना पुढे कंपवाताचा विकार जडला. हात थरथरायचे, इंजिनाचा दांडा धरला की बोट झटके खायची. मित्रांपैकी एक वारले, दुसरे मुलाकडे परदेशी गेले. मी बोट विकायचे ठरवले. वडील विरोध करत नव्हते, फक्त रविवारी सकाळी लवकर अंघोळ करून, कपडे घालून हॉलमध्ये बसत.

काकांना हे मी सांगितले नव्हते. काकूंनी आमच्या आईकडून ऐकले. एका रविवारी ते दारात उभे. "साहेब, चला. पंखा बदलायचा आहे."

"आता कशाला?" वडील म्हणाले. "मला हाकता कुठे येते?"

"तेव्हा सहा माणसांसाठी निवडला होता. आता एका माणसासाठी निवडू."

चार पात्यांचा, आणखी कमी पिचचा पंखा त्यांनी आणला होता. त्याच्या जोरावर बोट अगदी सावकाश, पाणी घट्ट धरून चालते. शिवाय दांड्याला त्यांनी एक छोटा अडसर बसवला. हात कितीही थरथरला तरी इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या वर जाणार नाही. वडिलांनी त्या दिवशी काठाकाठाने एकट्याने बोट चालवली. काका शेजारी बसून डोंगर बघत होते, जणू त्यांचे बोटीकडे लक्षच नव्हते. त्यानंतर दोन वर्षे वडील बोट चालवत होते. दर महिन्यातून एका रविवारी काका त्यांच्यासोबत जात. वडील गेले त्या आठवड्यातसुद्धा त्यांनी काकांना फोन करून विचारले होते की पाणी किती उतरले आहे.

आता काका पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. मोतीबिंदूच्या दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या आहेत. शेड अजून रोज सकाळी नऊला उघडते. नव्या पिढीच्या हातात मोबाईल असतो; त्यावर बोटीचे वजन आणि इंजिन घातले की पंख्याचे माप येते. काका त्याला नावे ठेवत नाहीत. "चांगलं आहे," म्हणतात. "सुरुवात कुठून करायची ते कळतं."

गेल्या महिन्यात एका तरुण जोडप्याची नवी बोट पानशेतला तपासायची होती. नेहमीप्रमाणे आम्ही दोघे गेलो. मी पिशव्या भरून घेतल्या, लाइफजॅकेट त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते घेतले नाही. काठावर घडीची खुर्ची उघडून बसले.

"आज तू बस. मी इथून ऐकतो."

"काका, बोटीत बसल्याशिवाय आपण पंखा देत नाही."

"हो जी. तू बसते आहेस ना?"

मी गेले. तीन पंखे बदलले, भरलेल्या आणि रिकाम्या दोन्ही फेऱ्या मारल्या, मनाचे समाधान होईपर्यंत थांबले. या सगळ्यात त्यांनी एकदाही हाक मारली नाही. काठाला लागले तेव्हा ते डोळे मिटून बसले होते. मला वाटले झोप लागली.

"पाच हजार चारशे?" डोळे न उघडता त्यांनी विचारले.

"पाच हजार साडेतीनशे."

"हं. पंखा बरोबर आहे." मग खुर्ची मिटत म्हणाले, "पावतीवर तुझं नाव लिही."

त्यांच्याकडून काम घेतलेल्या, शिकलेल्या, रागावून निघून गेलेल्या आणि पुन्हा आलेल्या आम्हा सर्वांच्या वतीने एवढेच मागणे आहे: काकांना आणि विमलकाकूंना निरोगी, सुखाची आणि भरपूर वर्षे लाभोत. त्यांच्या गुडघ्यांना काठावरचे खडक त्रास न देवोत, कान असेच तिखट राहोत आणि सकाळच्या पोहण्यात खंड न पडो. काका, शंभरी आपण पाण्यातच साजरी करू. आपण पुढे व्हा, आम्ही मागून येतो.

– मृणाल साठे